साठ शर्टांचा गठ्ठा

त्या दिवशी आमच्या शेडचं शटर अर्धं खाली होतं. दुपारचे अडीच वाजले होते. कामाच्या वेळेत आमचं शटर कधी अर्धं नसतं. एक तर पूर्ण उघडं असतं, नाहीतर रविवारी पूर्ण बंद. मी अक्कलकोट रोडवरून पॅन्टच्या कापडाचे ताके रंगवून घेऊन टेम्पोतून परत आलो होतो. उतरलो तर रत्नम्मा पायरीवर बसलेली. आतून एकाही मशीनचा आवाज येत नव्हता. मी विचारलं, लाईट गेली का.

रत्नम्मा सतरा वर्षं आमच्याकडे मशीनवर आहे. माझ्या बायकोला अक्का म्हणायची, मला अण्णा म्हणते. ती उठली, पदराने हात पुसले आणि म्हणाली, "अण्णा, अक्काला दवाखान्यात नेलंय. तुमी सावकाश जावा."

सावकाश जावा म्हणाली, तेव्हा मला कळलं.

दाक्षायणी कटिंगच्या टेबलापाशी उभी असतानाच गेली होती. हातात खडू होता, असं नंतर बायकांनी सांगितलं. अठ्ठावन्न वर्षांची होती. फेब्रुवारी अर्धा झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी माती दिली.

तिसऱ्या दिवसापासून तिचा फोन वाजायला लागला. दक्षाताई आहेत का, अक्का आहे का, वहिनींना द्या. प्रत्येकाला मला सांगावं लागायचं, आणि सांगितलं की पलीकडचं माणूस गप्प व्हायचं. मग मला बोलावं लागायचं. असे सात-आठ फोन मी घेतले. मग फोन बंद केला आणि कपाटात तिच्या साड्यांच्या खाली ठेवून दिला. मुलगी उत्कर्षा पुण्याहून आली होती. ती म्हणाली, बाबा, असं करू नका, कामाचे फोन असतील. मी म्हणालो, बघू नंतर. उत्कर्षा पंधरा दिवस राहिली. जाताना म्हणाली की आता हे सगळं बंद करा, शेड भाड्याने द्या आणि पुण्याला या. मी म्हणालो, हातातली ऑर्डर पूर्ण झाली की कुलूप लावतो. तिला तसा शब्दच दिला.

आमचं काम शाळेच्या गणवेशांचं. कन्ना चौकाच्या मागे एक शेड, त्यात अकरा मशीन, नऊ बायका. सोलापुरात अशा शेड गल्लोगल्ली आहेत. इथे शिवलेले शर्ट कुठल्या कुठल्या राज्यांतली मुलं घालतात, ती मुलं आम्हाला कधी दिसत नाहीत. कापड आणणं, रंगवून घेणं, व्यापाऱ्यांशी बोलणं हे माझ्याकडे. कापणं आणि बटणांचं काम बाहेर देणं हे दाक्षायणीकडे. शर्ट शिवून झाला की काज मशीनवर पडतात, पण बटणं हातानेच लावायची. एका शर्टाला सात बटणं. ती बटणं शेडमध्ये लागत नाहीत. शर्टांचे गठ्ठे बांधून घरोघरी जातात आणि बायका दुपारी स्वयंपाक उरकून बटणं लावतात. आमच्याकडे हे वीस वर्षं असंच चाललं होतं.

हातातली ऑर्डर होती पाचशे चाळीस शर्टांची, फिकट निळ्या रंगाचे, विजापूरकडच्या एका शाळेसाठी. आणणारे व्यापारी अनिलकुमार. शब्दाचा माणूस, पण त्याला एकदम सगळा माल लागतो. पंचवीस मेच्या आत सगळे शर्ट, एकही कमी नाही. थोडे आता आणि थोडे नंतर असं चालणार नाही, कारण शाळा पहिल्याच दिवशी सगळ्यांना एकसारखे कपडे घालून उभं करते. हे काम नीट झालं तर पॅन्ट, फ्रॉक सगळं पुढच्या वर्षी आपल्याकडे, असं तो म्हणाला होता. दाक्षायणी गेली तेव्हा शर्ट शिवून झाले होते आणि गठ्ठे बटणांसाठी बाहेर गेले होते.

मार्चमध्ये एक मुलगी सर्व्हेसाठी आली. संस्कृती नाव तिचं. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. जिल्ह्यातल्या लहान उद्योगांची पाहणी चालली आहे म्हणाली, कारण तुमच्यासारख्या उद्योगांवरच विकास उभा असतो, काका. हे वाक्य ती दिवसातून वीस वेळा म्हणत असणार, तरी चांगलं म्हणाली. मशीन किती, वीज किती, जागा स्वतःची का. मग कामगार किती. मी नऊ सांगितले. घरून काम करणारे किती, तिने विचारलं. मी म्हणालो, असतील दहा-बारा. तिने विचारलं, नावं आहेत का? नावं माझ्याकडे नव्हती. ती म्हणाली, मग राहू द्या, नक्की नसेल तर शून्य टाकते. तिने शून्य टाकलं आणि चहा घेऊन गेली.

ती गेल्यावर मी रत्नम्माला विचारलं की अक्का बाहेरच्या बायकांची नोंद कुठे ठेवायची. रत्नम्मा म्हणाली, नोंद कशाला, अक्काला माहीत होतं की. मी टेबलाचा खण उघडला. खडू, कात्री, बटणांचे डबे. चिठ्ठी एक नाही. गठ्ठ्यांवरही कधी नाव नसायचं. कुठल्या घरी किती गेले, हे फक्त तिच्या डोक्यात होतं.

मग रत्नम्मा म्हणाली, फोन उघडा. मी म्हणालो, बघू. ती माझ्याकडे बघत उभी राहिली. शेवटी मी घरी जाऊन साड्यांखालचा फोन काढला, चार्ज केला आणि तिच्याच हातात दिला. म्हणालो, तूच बोल. तिने दोन दिवस बसून सगळ्यांना फोन केले. दाक्षायणीने नावंही धड लिहिली नव्हती. विडी घरकुल थोरली, साखर पेठ जावा, शास्त्रीनगर चष्मा, असं वस्ती आणि खूण. पण बायका आल्या. एकेक करून गठ्ठे घेऊन आल्या, दारात बसून रडल्या, बटणं मोजून दिली, आणि पुढचं काम आहे का म्हणून विचारून गेल्या. एकोणीस बायका आल्या. मी दहा-बारा म्हणालो होतो.

मी स्वतः शर्ट मोजले. चारशे ऐंशी. परत मोजले. साठ कमी होते.

फोनमधल्या सगळ्या बायका येऊन गेल्या होत्या. म्हणजे एक बाई अशी होती जिचा नंबर फोनमध्ये नव्हता आणि जिच्याकडे साठ शर्ट होते. तोवर एप्रिल संपत आला होता. साठ शर्ट नव्याने शिवता आले असते, पण तो रंग परत आला नसता. कापड रंगवणाऱ्याकडे गेलो, तुकडा दाखवला. त्याने उन्हात धरून बघितला आणि म्हणाला, नवीन घाण्यात, म्हणजे रंग पुन्हा कालवला की, थोडा फरक पडणारच. साठ मुलं वेगळ्या निळ्यात उभी राहिली असती. अनिलकुमारने फोन केला, तेव्हा मी म्हणालो, होतंय, होतंय.

खरं सांगायचं तर मला एका बाजूने बरं वाटलं होतं. ऑर्डर बिघडली की कुलूप लावायला कारण मिळणार होतं. कोणी काही म्हणालं नसतं. रत्नम्माला मात्र हे कळत होतं. तिला अजून एका मुलीचं लग्न करायचं आहे. ती एक दिवस मला म्हणाली, "अण्णा, तुमी पुण्याला जाल. आमी कुटं जायचं?" एवढंच म्हणाली आणि मशीनवर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी तिने गेल्या वर्षीचे उरलेले वीस-बावीस शर्ट काढले आणि टेबलावर उलटे पसरले. मला बोलावलं. म्हणाली, तुमी एवढी वर्षं शर्ट विकता, कधी उलटा करून बगितला न्हाई.

मग तिने मला दाखवलं. बटणाच्या मागे दोरा कसा संपवायचा हे प्रत्येकीचं वेगळं असतं. विडी घरकुलची थोरली दोरा दाताने तोडते, म्हणून शेवटाला झुपका राहतो. साखर पेठेतल्या दोघी जावा, एक फुली घालते आणि दुसरी दोन उभ्या रेघा. आणखी एक बाई दोनदा गाठ मारते कारण तिचा कशावर विश्वास नाही, असं रत्नम्मा म्हणाली आणि हसली. दाक्षायणीला चिठ्ठी लागत नव्हती ती यामुळे. एखादं बटण सैल निघालं की ती शर्ट उलटा करायची आणि बरोबर त्या घरी पाठवायची. रत्नम्माने सतरा वर्षं शेजारी बसून ते बघितलं होतं. ती एकेक शर्ट उचलून घराचं नाव सांगत बाजूला ठेवत गेली. शेवटी चार शर्ट उरले, त्यांचं घर तिला सांगता येईना.

तिने एक शर्ट खिडकीपाशी नेला. बटणाखाली दोरा गुंडाळलेला असतो, बटण जरा उभं राहावं म्हणून. तिने तो नखाने मोकळा केला. म्हणाली, "उलटा गुंडाळलाय. हे डाव्या हाताचं काम हाय, अण्णा."

मग शर्ट घडी घालत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "डावरी एकच हुती आपल्याकडं."

मुक्ताबाई. ती शेडमध्ये हातकामाला होती, तुरपाई आणि घाईच्या वेळी बटणंही. नऊ वर्षांपूर्वी दोनशे शर्ट परत आले होते. बटणं गळत होती. मी रागात शर्ट उलटे केले, म्हणजे रत्नम्मा म्हणाली ते खरं नाही, एकदा मी उलटे केले होते. मला एकीचा दोरा विचित्र दिसला. कोणाचं हे, विचारलं. मुक्ताबाई उभी राहिली. सगळ्यांच्या समोर मी म्हणालो की डाव्या हाताने काम केलं की असंच होणार, उद्यापासून येऊ नकोस. ती डबा घेऊन निघून गेली. आठवड्याने कळलं की दोऱ्याचं रीळच कच्चं होतं, सगळ्यांचीच बटणं गळत होती. तोवर मुक्ताबाई नवऱ्याबरोबर माढ्याला गेली होती, त्याच्या गावी. मी कोणाला पाठवलं नाही. दाक्षायणी तेव्हा मला काहीच म्हणाली नव्हती. मला वाटलं होतं, तिने सोडून दिलं.

माढा म्हटल्यावर मला मंगळवार आठवले. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी दाक्षायणी माढ्याला देवीला जायची. आठ-नऊ वर्षं. तिने नवस बोलला असेल असं मला वाटायचं. सकाळच्या एसटीने जायची, संध्याकाळी यायची. हातात मोठी कापडी पिशवी असायची. पिशवीत काय आहे, असं मी कधी विचारलं नाही. देवीला जाताना एवढी मोठी पिशवी कशाला, हा विचार आता आला.

मेच्या पहिल्या मंगळवारी मी त्याच एसटीने माढ्याला गेलो. खिडकीशी बसलो. ऊन सकाळीच चढलं होतं. मोहोळच्या पुढे दोन्ही बाजूंनी ऊस आणि मधे मधे नांगरलेली काळी जमीन. शेजारी बसलेल्या माणसाने विचारलं, देवीला का. मी हो म्हणालो. वाटेत मी ठरवत होतो, काय बोलायचं. पहिलं दोऱ्याचं सांगायचं, मग दाक्षायणीचं. की उलट.

मला घर शोधावं लागलं नाही. माढेश्वरीच्या देवळाबाहेर चिंचेचं झाड आहे, त्याखाली मुक्ताबाई बसली होती. डोक्यावरचे केस पांढरे झाले होते, पण बसण्याची तीच पद्धत, एक गुडघा वर. तिने मला आधी ओळखलं. उठून उभी राहिली, जशी नऊ वर्षांपूर्वी राहिली होती.

म्हणाली, "मालक, ताईंना बोलू नका. मीच म्हणलं हुतं काम द्या म्हणून."

मला लगेच समजलं नाही. मग समजलं. तिला वाटलं होतं, मला पत्ता लागला. नवऱ्याने बायकोची चोरी पकडली आणि बायकोला घरात बसवलं. तीन महिने दाक्षायणी आली नव्हती, त्याचा तिने हाच अर्थ लावला होता. तिच्याकडे फोन नाही. नवऱ्याचा होता, तो पडून फुटला. आणि दाक्षायणीने आपला नंबर तिला कधी दिलाच नव्हता, मालकाच्या हातात फोन असला तर काय घ्या. त्यामुळे मार्चपासून दर मंगळवारी ती या झाडाखाली येऊन बसायची. देवळात ती जात नाही. एसटी येऊन जाईपर्यंत बसायची आणि परत जायची.

मी म्हणालो, "नाही. मी तिला काही बोललो नाही."

ते खरंच होतं.

ती म्हणाली, "मग ताई का आल्या न्हाईत?"

तेव्हा सांगायला पाहिजे होतं. मी तोंड उघडलं होतं. एसटीत ठरवलेलं वाक्य पाठ होतं. पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती आणि तिच्या तोंडावर एवढी सुटका दिसत होती, ताईंना कोणी बोललं नाही म्हणून, की माझ्या तोंडून दुसरंच निघालं.

"गुडघे दुखतात तिचे. एसटीत चढता येत नाही."

"मग बरं," ती म्हणाली. "मला लई घोर लागला हुता."

ती मला घरी घेऊन गेली. दोन खोल्या, पुढे पत्र्याचा आडोसा. नवरा यशवंत गवंडी होता, बांधकामाच्या पायाडावरून पडल्यापासून कमरेत वाकता येत नाही, दारात खाटेवर बसून होता. त्याने मला रामराम घातला नाही आणि ते बरोबरच होतं. मुक्ताबाईने फळीवरून गठ्ठा काढला. जुन्या लुगड्यात बांधलेला, आत कडुनिंबाचा पाला. साठ शर्ट फेब्रुवारीतच पुरे झाले होते. तिने एकही घडी मोडू दिली नव्हती. दर आठवड्याला उन्हात ठेवून परत बांधत होती.

मी एक शर्ट उलटा केला. मग दुसरा, तिसरा. सगळ्यांचा दोरा उलटा गुंडाळलेला, पण हात एक नव्हता. एकीची ओढ घट्ट होती, एकीची सैल. मी विचारलं, हे सगळे तुम्हीच लावले का. नऊ वर्षांपूर्वी मी तिला अगं म्हणत होतो. आता अहो आपोआप आलं.

ती म्हणाली, "न्हाय की. बजाबाई हाय शेजारची, आन तिची सून. एकटीला साठ कसं व्हत्याल?"

तिने हाक मारली तशा दोघी आल्या. बजाबाई बोलकी होती. तिने मला बघितलं आणि विचारलं, हेच का ते, डाव्या हातावर रागावणारे. मुक्ताबाई तिला गप म्हणाली. बजाबाई आणि तिची सून दोघी उजव्या हाताच्या. पण त्यांना सुई मुक्ताबाईने समोर बसून शिकवली. तिचं बघून शिकल्या, म्हणून त्यांचाही दोरा उलटा फिरतो. बजाबाई म्हणाली, "आता सरळ गुंडाळाया गेलं तर हात आडतोय. आमी तिगी बी डावऱ्याच झालाव."

ती हसली आणि सून तोंडाला पदर लावून हसली. मलाही हसू आलं. दाक्षायणी गेल्यापासून पहिल्यांदा.

मग मी दोऱ्याचं सांगितलं. ते मला जमलं. म्हणालो, मुक्ताबाई, त्या वेळी तुमची चूक नव्हती. रीळ कच्चं होतं. मला आठवड्यानेच कळलं होतं.

ती चहा गाळत होती. हात थांबला नाही. म्हणाली, "म्हाईत हाय. ताईंनी तवाच सांगितलं हुतं. त्याच्यासाठीच आल्या हुत्या पयल्यांदा."

पहिल्यांदा दाक्षायणी हे सांगायला आली होती. माझ्या वतीने. मग काम घेऊन येऊ लागली. देवीचं नाव पुढे केलं, कारण मला सांगितलं असतं तर मी म्हणालो असतो की सोलापुरात बायका कमी आहेत का, एसटीने गठ्ठे कशाला न्यायचे. हे मी नक्की म्हणालो असतो. आमच्यासारख्या धंद्यात सगळ्यांना वाटतं की धंदा वाढला म्हणजे शेड मोठी झाली, मशीन वाढली. मीही तेच मोजत होतो आणि वीस वर्षांत तीन मशीन वाढली म्हणून फार काही जमलं नाही असं समजत होतो. ती दुसरीकडे वाढवत होती. घराघरांत, दुपारच्या वेळेत, सात सात बटणांनी. साठ-सत्तर किलोमीटरवरच्या दोन बायका सुई धरायला शिकल्या होत्या आणि त्यांना शिकवणारी ती होती जिला मी काढून टाकलं होतं. यातलं काही माझ्या शेडच्या मापात दिसत नाही, विजेच्या बिलातही दिसत नाही.

निघताना मी तिघींची मजुरी दिली आणि बटणांचा एक डबा दिला. मुक्ताबाईने कुरडयांची पुडी आणली, यंदाच्या उन्हाळ्यातल्या. ताईंना द्या, म्हणाली. आणि निरगुडीचा पाला एका कागदात बांधून दिला. गुडघ्यावर गरम करून बांधायला सांगा, तीन दिवस, मंग कशा एसटीत चढत न्हाईत बगू.

मी गठ्ठा मांडीवर घेऊन परत आलो. पाचशे चाळीस शर्ट इस्त्री होऊन बावीस मेला गेले. अनिलकुमारने माल उघडून बघितला आणि म्हणाला, वहिनींच्या हाताचंच वाटतंय. पुढच्या वर्षीचं तोंडी पक्कं केलं. उत्कर्षाचा फोन आला, बाबा, झाली ना ऑर्डर, मग आता? मी म्हणालो, कुलूप नाही लावत. तिने समजावलं. माझं वय त्रेसष्ट, एकटा राहतो, जेवणाचे हाल. सगळं खरं होतं. नऊ बायकांना दुसरीकडे काम मिळेल, बाबा, ती म्हणाली. मी म्हणालो, नऊ नाहीत. एकतीस आहेत. ती म्हणाली, कधीपासून? मी म्हणालो, तुझ्या आईपासून.

संस्कृतीलाही फोन केला. म्हणालो, तुमच्या त्या पाहणीत माझ्याकडचे घरून काम करणारे शून्य लिहिलेत, ते बावीस करा, माझ्याकडे आता नावं आहेत. तिला बरं वाटलं, पण म्हणाली, काका, ते मार्चअखेरला लॉक झालं. पुढच्या पाहणीत घेऊ. म्हणजे सध्या सरकारदरबारी आम्ही नऊच आहोत.

कटिंगला आता रत्नम्मा उभी राहते. मी एका वहीत नावं लिहिली आहेत, पूर्ण नावं, आणि प्रत्येक नावापुढे त्या बाईने लावलेलं एक बटण कापडाच्या तुकड्यासह टाचून ठेवलं आहे, मागची बाजू वर करून. मला दाक्षायणीसारखं बघून ओळखता येत नाही. वही उघडून जुळवावं लागतं. पण जुळतं.

जूनच्या पहिल्या मंगळवारी मी नव्वद शर्ट घेऊन माढ्याला गेलो. मुक्ताबाई चिंचेखाली होती. गुडघा कसा हाय, तिने विचारलं. मी म्हणालो, आहे तसाच. जुलैत तिने पुन्हा पाला दिला आणि वर तिळाच्या तेलाची बाटली. म्हणाली, या वयात असं व्हतंच, त्यांना म्हणावं घाई करू नका, मी कुटं पळून जात न्हाय. रत्नम्माला मी हे सगळं सांगितलं तेव्हा ती रागावली. म्हणाली, अण्णा, हे बरोबर न्हाई, तिला रडू द्या की, तुमचं काय जातंय. मीच एकदा येते आणि मीच सांगते, असंही म्हणाली. मी नको म्हणालो. हे मीच सांगायला पाहिजे. रीळ कच्चं असल्याचं माझ्याऐवजी दाक्षायणीला जाऊन सांगावं लागलं होतं. हेही दुसऱ्या कोणावर टाकणं मला पटत नाही.

कुरडया स्वयंपाकघरात वरच्या डब्यात आहेत. निरगुडीचा पाला वाळून गेला आहे, तो टाकलेला नाही. येत्या मंगळवारी दीडशे शर्टांचे दोन गठ्ठे न्यायचे आहेत, बांधून ठेवले आहेत. मुक्ताबाईला मी अजून सांगितलेलं नाही.